तिकीट घेताय, तर बॉनेट तरी उघडा

मा. संपादक, स.न.वि.वि.

थंडी सुरू झाली की आपल्याकडे गाड्यांच्या प्रदर्शनांचे फ्लेक्स लागायला लागतात, कुठे विंटेज रॅली, कुठे ऑटो शो, कुठे सुपरकार, आणि त्याच्या मागोमाग तोच वाद सुरू होतो, की बघायला येणाऱ्यांकडून पैसे कशाला घेता, आणि समोरून तेच उत्तर येतं की तिकीट लावलं म्हणजे फालतू गर्दी तरी कमी होते. हे फालतू गर्दी म्हणणं मला मनापासून लागतं. मी भोसरीत एका टूलरूममध्ये काम करतो, गाड्यांच्या पार्ट्ससाठी लागणाऱ्या डाय, म्हणजे साचे, आमच्याकडे बनतात, आणि त्या गर्दीत आमच्यासारखे पुष्कळ असतात, कोणी प्रेसवर, कोणी सीएनसीवर म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, कोणी चाकणला पेंट शॉपमध्ये. यांच्या हाताखालून गाडीचा एखादा तुकडा रोज जातो पण अख्खी गाडी निवांत उभं राहून बघायला मिळत नाही. एखाद्या रविवारी बायकोपोरांना घेऊन ते बघायला येतात. त्यांना फालतू म्हणू नका. त्यासाठीच हे पत्र लिहितोय, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझं म्हणणं सरळ आहे. तिकीट असावं की नसावं हा प्रश्न सगळ्या प्रदर्शनांना एकसारखा लावून चालणार नाही. त्या गर्दीचा फायदा कोणाला होतो ते आधी बघा. नव्या गाड्यांचं प्रदर्शन असेल तर फायदा कंपनीचा, तिथे बघणाऱ्याकडून एक रुपयाही घेऊ नये. जुन्या गाड्यांचं प्रदर्शन असेल, बंद मैदानात असेल, हौशी लोकांनी पदरमोड करून भरवलेलं असेल, तर तिथे थोडं तिकीट जरूर घ्या, मी आनंदाने देईन. आपल्याकडे बऱ्याचदा याच्या बरोबर उलटं झालंय, नवीन गाड्यांना तिकीट आणि जुन्या गाड्यांचं प्रदर्शन फुकट.

आता नव्या गाड्यांचंच घ्या. दिल्लीतला ऑटो एक्स्पो १९८६ ला प्रगती मैदानावर सुरू झाला, २०१४ पासून गाड्यांचा भाग ग्रेटर नोएडाला गेला. २०२३ च्या एक्स्पोचे दर आठवून बघा, १३ जानेवारीला ७५० रुपये, शनिवार-रविवारी ४७५ आणि पुढचे दिवस ३५०. म्हणजे चार माणसांचं घर रविवारी गेलं तर नुसतं आत शिरायला १९०० रुपये, प्रवास वेगळा, खाणंपिणं वेगळं. आणि आत काय, तर कंपन्यांचे स्टॉल, मोठमोठे स्क्रीन, आणि लवकरच बाजारात येणाऱ्या गाड्या, ज्या आपण विकत घ्याव्यात म्हणूनच तिथे ठेवलेल्या असतात. लक्ष्मी रोडवर साडीच्या दुकानात शिरताना कोणी दारात पैसे मागितले तर आपण देऊ का? मग इथे का देतो?

बरं, यावर लोक म्हणतात की फुकट ठेवलं तर सगळं कोलमडेल, एवढा खर्च कोण करणार. कोलमडलं नाही ना! २०२५ च्या जानेवारीत भारत मोबिलिटी ग्लोबल एक्स्पो झाला, १७ ते २२ तारखेला, ऑटो एक्स्पो त्याच्यातच आला, भारत मंडपम, यशोभूमी आणि ग्रेटर नोएडा अशा तीन ठिकाणी सगळा पसारा होता, आणि प्रवेश फुकट होता, फक्त आधी ऑनलाइन नाव नोंदवायचं. गर्दी प्रचंड झाली हे खरं, पण कंपन्याही आल्या. २०२३ ला तिकीट होतं तेव्हा महिंद्रा, स्कोडा, फोक्सवॅगन, मर्सिडीज, बीएमडब्ल्यू यातलं कोणीच आलं नव्हतं, आणि २०२५ ला मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, महिंद्रा, स्कोडा परत दिसल्या. तिकीट रद्द केलं म्हणून त्या आल्या असं मी म्हणत नाही, त्याची कारणं वेगळी असतील, पण बघणाऱ्यांच्या तिकिटाशिवाय एवढा मोठा शो उभा राहू शकतो एवढं तर दिसलं की नाही? जर्मनीतला आयएए हा गाड्यांचा मोठा शो २०२१ ला फ्रँकफर्टहून म्युनिकला गेला तेव्हा त्यांनीही शहरातल्या चौकांमध्ये कंपन्यांचे स्टॉल मांडले, तिथे कोणीही फुकट जाऊन गाड्या बघू शकतं, आणि धंद्याच्या लोकांसाठी प्रदर्शन केंद्रात वेगळा तिकीटवाला भाग ठेवला. मला ही रीत पटते. ज्याला तिथून धंदा करायचाय त्याने पैसे भरावेत, ज्याला नुसतं बघायचंय त्याने बघावं.

आम्हा पिंपरी-चिंचवडकरांना हे जरा जास्तच टोचतं, कारण यातल्या किती गाड्या इथल्याच. टेल्कोचा, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सचा, पुण्यातला कारखाना १९६६ चा. १९९१ ची सिएरा इथली. १९९८ ला दिल्लीच्या एक्स्पोत इंडिका पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि सगळ्या देशाने कौतुक केलं, ती गाडीही इथलीच. बजाजचे स्कूटर आकुर्डीचे. ज्या गावाने या गाड्या घडवल्या त्या गावातल्या माणसाला त्याच कंपनीची नवी गाडी बघायला तिकीट काढायला लावणं हे मला अजिबात पटत नाही, मग ते दिल्लीत असो की इथे.

इथलाही एक अनुभव सांगतो. आमच्या भागात एका मैदानावर ऑटो शो म्हणून प्रदर्शन लागलं होतं, माणशी २०० रुपये, मुलांनाही तेवढेच, वर पार्किंगचे ५०. आत गेलो तर शोरूमवाल्यांनी आपल्या त्याच गाड्या आणून लावलेल्या ज्या हायवेवरच्या शोरूममध्ये एसीत बसून चहा पीत फुकट बघता येतात. दोन स्टॉल इन्शुरन्सचे, एक लोनचा, एक सीट कव्हरचा, एक फ्लॅट बुकिंगचा. मुलाला एका गाडीत बसायचं होतं तर आधी फॉर्म भरा म्हणाले, मोबाइल नंबर द्या, आणि त्यानंतर लोन पाहिजे का म्हणून जे फोन सुरू झाले ते कितीतरी दिवस थांबेनात. म्हणजे पैसेही मी दिले आणि नंबरही मीच दिला. अशा प्रदर्शनाला तिकीट लावणं ही सरळसरळ लूट आहे, महापालिकेने मैदान देतानाच ही अट घालावी की विक्रीचे स्टॉल असतील तर प्रवेश मोफत.

आता जुन्या गाड्या. इथे माझं मत एकदम वेगळं आहे आणि ते का, ते नीट सांगायला पाहिजे, कारण आमच्या ग्रुपवर मी हे बोललो तर सगळे म्हणाले की तू आत्ताच तिकिटाच्या विरोधात होतास ना.

जुनी गाडी सांभाळणं किती खर्चाचं असतं ते बाहेरच्या माणसाला कळत नाही. त्या साइजचं टायर इथे मिळत नाही, बाहेरून मागवावं लागतं. एखादा गिअर तुटला तर त्याचा पार्ट कुठल्याच दुकानात नसतो, तो लेथवर आणि मिलिंगवर नवीन करावा लागतो, मी स्वतः असं काम जवळून पाहिलंय, ड्रॉइंग नसतं, तुटलेल्या तुकड्यावरून माप घ्यायचं, झिजलेला भाग किती असेल त्याचा अंदाज करायचा, मग बनवायचं, लावून बघायचं, परत काढायचं. बंपरचं क्रोम परत चढवायचं तर आधी जुनं उतरवा, पॉलिश करा, मग कॉपर, मग निकेल, मग क्रोम. आणि एवढं करून ही गाडी विकायला ठेवलेली नसते. ती बघून माझ्या खिशातून त्या मालकाकडे पुढे काही जाणार नसतं. शिवाय मैदानाचं भाडं, मांडव, जनरेटर, सिक्युरिटी, अॅम्ब्युलन्स, टॉयलेट, आणि लांबून येणाऱ्या गाड्या टोइंगच्या ट्रकवर घालून आणायच्या त्याचं भाडं. हे सगळं दोन-चार हौशी लोकांनी खिशातून करायचं आणि आपण फुकट बघायचं, हे काही वर्षं चालतं, मग बंद पडतं.

त्यात नियमाचाही भाग आहे. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली, ५० वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ रूपात ठेवलेल्या दुचाकी-चारचाकींना, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नवीन नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांसाठी. आणि अशी नोंदणी केलेली गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच निघते. म्हणजे यापुढे आपल्या पोरांना या गाड्या बघायला मिळतील त्या बहुतेक प्रदर्शनातच. प्रीमियर पद्मिनीचं बघा ना. कुर्ल्याला बनणारी ही गाडी मुंबईच्या रस्त्यावर इतकी वर्षं काळीपिवळी टॅक्सी म्हणून धावली, शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदवली गेली आणि वीस वर्षांच्या नियमाप्रमाणे २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस तिचंही रस्त्यावरचं आयुष्य संपलं. ज्या गाडीत बसून आपल्यापैकी कित्येकांनी पहिल्यांदा मुंबई पाहिली ती गाडी आता आपल्या मुलांना कुठे दाखवणार? त्यामुळे ही प्रदर्शनं टिकली पाहिजेत, आणि त्यासाठी थोडे पैसे द्यावे लागले तर द्यावेत.

पण पैसे घेतले की देणंही लागतं, आणि माझी खरी तक्रार तिथे आहे. तिकीट घेऊन आत सोडतात आणि आत काय असतं? गाडी दोरीच्या पलीकडे, सगळ्या काचा वर, बॉनेट बंद, समोर एक छोटा बोर्ड, त्यावर कंपनीचं नाव, साल आणि मालकाचं नाव. संपलं. लोक सेल्फी काढतात आणि पुढे जातात, मग दुसऱ्या दिवशी आयोजकच म्हणतात की लोकांना फक्त फोटोत इंटरेस्ट असतो. अहो, तुम्ही दुसरं काही ठेवलंच नाही तर माणूस फोटोच काढणार!

एका प्रदर्शनात मी पाहिलेलं सांगतो. मोठमोठ्या चकचकीत गाड्या एका बाजूला होत्या आणि कोपऱ्यात एक साधी मॉरिस मायनर, रंगही थोडा फिका पडलेला. पण तिच्या मालकाने बॉनेट उघडून ठेवलं होतं, आणि जुन्या मॉरिसला दाराजवळच्या खांबातून बाहेर येणारा सिग्नलचा हात असतो ना, तो ते प्रत्येक पोराला दाखवत होते, आत बसून बटण फिरवायचे, तो पिवळा हात टक्कन बाहेर यायचा, आतला छोटा दिवा लागायचा आणि पोरं ओरडायची. मग एकेका पोराला जवळ घेऊन विचारायचे, सांग बघू हे कशाने वर आलं असेल. कोणी म्हणे स्प्रिंग, कोणी म्हणे दोरी. ते सांगायचे की आत कॉइल आहे, तिच्यातून करंट वाहिला की तिचा लोहचुंबक होतो आणि हात उचलतो. माझा मुलगा सातवीत आहे, इलेक्ट्रोमॅग्नेट त्याने पुस्तकात वाचलेला, पण तिथे तो दोनदा रांगेत उभा राहिला. सगळ्या मैदानात सगळ्यात मोठी रांग त्या कोपऱ्यात होती. त्या गृहस्थांना मी शंभर रुपयेही दिले असते.

हे सगळीकडे होऊ शकतं, अवघड काही नाही. ठरावीक वेळेला इंजिन सुरू करून दाखवा, हँडल मारून गाडी कशी चालू व्हायची ते दाखवा, स्टिअरिंगलाच गिअर असलेली पद्मिनी कशी चालवायची ते दाखवा, डुक्कर फियाट म्हणायचे त्या जुन्या फियाटचे पुढचे दरवाजे उलटे का उघडतात ते कोणीतरी समजावून सांगा. कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथे तिकीट काढून बसलं की गाड्या चालवून दाखवतात, माहिती सांगतात, म्हणून तिथे तिकिटाबद्दल कोणी कुरकुर केलेली मी ऐकली नाही. नगरचं रणगाडा संग्रहालय १९९४ पासून आहे, तिथेही तिकीट आहे आणि लोक लांबून मुद्दाम जातात.

आणि त्या बोर्डवर मेकॅनिकचं नाव लिहा. हे मी हात जोडून सांगतो. गाडीचं बक्षीस मालकाला मिळतं, फोटो मालकाचा येतो, ठीक आहे, पैसा त्यांचा आहे आणि हौसही त्यांची आहे. पण जिने दहा वर्षं गोडाऊनमध्ये उंदरांसोबत काढली ती गाडी ज्या डेंटरने, पेंटरने, कुशनवाल्याने, लेथवाल्याने परत उभी केली त्यांचं नाव कुठेच नसतं. अनेकदा ते बिचारे स्वतः गर्दीत तिकीट काढून उभे असतात आणि बाजूच्याला हळूच सांगतात की ह्या गाडीचं काम आपण केलंय. ही माणसं म्हातारी होतायत, त्यांच्या हाताखाली शिकायला पोरं येत नाहीत. तिकिटाच्या पैशातून त्यांना एक टेबल द्या, एक खुर्ची द्या, त्यांची हत्यारं मांडू द्या, पत्र्यावर हातोडी कशी चालते ते लोकांना बघू द्या. आयटीआयच्या मुलांना आयकार्ड बघून फुकट सोडा आणि त्यांना आधी या टेबलांकडे न्या.

तिकीट किती, तर माझ्या मते पन्नास रुपये पुरे, शाळेतल्या मुलांना अजिबात नको. यापेक्षा जास्त ठेवलं की जो खरंच गाडीवेडा आहे तोच बाहेर राहतो. आणि पासचा प्रकार बंद करा. ज्यांना सहज परवडतं त्यांना पास, त्यांच्या गाड्या थेट गेटपर्यंत, आणि बाकीचे उन्हात तिकिटाच्या रांगेत, हे बघून फार वाईट वाटतं. लहान तिकिटाने गर्दीला शिस्त लागत नाही म्हणतात, पण मोठ्या तिकिटानेही लागत नाही हो. गाडीच्या मडगार्डला टेकून फोटो काढणारा माणूस पाचशे देऊन आला तरी टेकणारच, त्याच्या बेल्टच्या बक्कलने ओरखडा पडणारच. शिस्त लागते ती दोरीपाशी उभ्या राहून गोड बोलणाऱ्या माणसांनी, आणि वेळ ठरवून नावं नोंदवून सोडल्याने. जमा किती झाले, खर्च कशावर झाला, उरले ते कोणाला दिले, हे नंतर पेपरात नाही तर निदान गेटवर तरी लावा. ‘समाजकार्यासाठी’ एवढं लिहून भागत नाही.

राहिला रस्त्याचा प्रश्न. रॅली रस्त्यावरून जात असेल तर तिथे तिकिटाचा विचारही कोणी करू नये, रस्ता सगळ्यांचा आहे. लंडन ते ब्रायटन ही जुन्या गाड्यांची फेरी, १८९६ च्या पहिल्या फेरीची आठवण म्हणून काढतात, त्यात १९०५ च्या आधीच्या गाड्या असतात, भाग घेणारे फी भरतात आणि वाटेवर उभे राहून बघणाऱ्यांना काही द्यावं लागत नाही.  आणि आपल्या कोल्हापुरात तर दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक ही जुनी जर्मन गाडी दसरा चौकात येते, सगळं शहर ती बघायला उभं असतं, म्हाताऱ्या बायका, खांद्यावर पोरं घेतलेले बाप, कोणी कोणाला तिकीट विचारत नाही. कोल्हापूरच्या पोराला मेबॅक माहीत असते ती यामुळेच.

या हिवाळ्यात पुण्यात, पिंपरीत, नाशकात जे कोणी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरवणार असतील त्यांना आपल्या पेपरमार्फत एवढंच सांगायचंय की मोठं तिकीट लावायच्या आधी एकदा आम्हाला विचारा. दोरीपाशी उभं राहायला, पोरांना इंजिन समजावून सांगायला माणसं कमी पडत असतील तर आमच्या टूलरूममधले काहीजण सुट्टीच्या दिवशी यायला तयार आहेत, आम्हाला पैसे नकोत, जेवणाचा डबा आम्ही घरून आणू. फक्त गाड्यांची बॉनेट उघडी ठेवा.

आपला,
एक नियमित वाचक, भोसरी